मॅकबेथला डगला की डब्लेट?

‘मॅकबेथ’ करायचं ठरलं की पहिल्या आठवड्यातच कपड्यांवरून वाद सुरू होतो आणि गंमत म्हणजे दोन्ही बाजूंचं बरोबर असतं. इतिहासातल्या मॅकबेथने स्कॉटलंडवर राज्य केलं १०४० ते १०५७ या काळात. शेक्सपिअरने नाटक लिहिलं ते १६०६ च्या सुमारास, लंडनमध्ये. मधे साडेपाचशे वर्षं. मग कपडे गोष्टीच्या काळाचे करायचे की नाटकाच्या? मी दोन्ही प्रकार शिवून घेतले आहेत आणि दोन्हींत हात पोळले आहेत.

आधी किल्टचा, म्हणजे स्कॉटिश पुरुषांच्या चौकड्यांच्या घागऱ्याचा, निकाल लावू. कुणीतरी हौसेने चौकड्यांचं कापड घेऊन येतंच. कमरेला पट्ट्याने आवळायचं ते मोठं पांघरूण डोंगराळ भागात दिसू लागतं सोळाव्या शतकाच्या अखेरीस आणि आपल्या डोळ्यांसमोर येतो तो आखूड किल्ट अठराव्या शतकातला. अकराव्या शतकाच्या राजाला तो घालणं म्हणजे शिवाजी महाराजांच्या दरबारात सफारी सूट.

अकरावं शतक शिवणाऱ्याच्या बाबतीत उदार आहे. संदर्भासाठी बायूची पट्टी पुरते. जवळपास ७० मीटर लांबीचं हे भरतकाम, त्यात १०६६ ची लढाई, म्हणजे मॅकबेथ मरून जेमतेम नऊ वर्षं झालेली. गुडघ्यापर्यंतचा डगला, खांद्यावर पिन लावून अडकवलेलं उपरणं, पायांना घट्ट विजार किंवा गुंडाळलेल्या पट्ट्या, लढाईत साखळ्यांचं चिलखत. बेतही सोपा असतो. अंगाला सरळ आयत, बगलेत चौबगला, घेरासाठी कळ्या. जुन्या पद्धतीचा अंगरखा शिवलेल्या शिंप्याला यात समजावून सांगायला काही नाही. ४४ इंची पन्ह्याच्या तीनेक मीटरमध्ये एक डगला होतो. आधी मांजरपाटाचा कच्चा नमुना शिवून बघा, एवढंच. चिलखतासाठी जाड दोरा मोठ्या सुयांवर विणायचा, वर काळा आणि मग चंदेरी रंग मारायचा. दहाव्या रांगेतून लोखंड वाटतं आणि नटाच्या खांद्यावर दहा किलोंचं ओझंही येत नाही.

धोका दुसरीकडे आहे. सगळेच डगल्यात आले की राजा कोण, शिपाई कोण, हे पहिली दहा मिनिटं कळत नाही. स्वस्त पॉलिएस्टर घेतलं तर मॅकबेथ ज्याचा खून करतो तो डंकन राजा आंघोळीहून आल्यासारखा दिसतो. आमचा तसाच दिसला होता. उपाय बायूच्या पट्टीतच आहे. तिथे सिंहासनावरचा राजा घोट्यापर्यंत झगा घालतो. लांबी म्हणजे मान. कापड मात्र जाड, खरबरीत हवं: लोकर, नाहीतर जाडीभरडी खादी. गळ्याला आणि मनगटाला पट्टी लावा, ती हुद्द्याप्रमाणे रुंद करत जा.

१६०६ ची गोष्ट वेगळी. तिथे शिवण म्हणजे बांधकाम. डब्लेट म्हणजे अंगाला घट्ट बसणारं जाकीट. त्याला बाहेरचं कापड, आत कॅनव्हास, मग अस्तर, पुढे काजांची रांग. खाली फुगीर आखूड तुमान, डब्लेटला नाड्यांनी बांधलेली. एका नटाच्या कपड्यांत डगल्याच्या दुप्पट कापड आणि तिप्पट वेळ जातो. पण त्यातून जे मिळतं ते डगला कधीच देणार नाही. नट वाकला की नाड्यांची ओढ कमरेत बसते, म्हणून तो आपसूक गुडघ्यातून वाकतो, पाठ ताठ राहते. दरबारी चाल तालमीत घोटून घ्यावी लागत नाही. लेडी मॅकबेथच्या घट्ट, कांड्या घातलेल्या चोळीचंही तेच. श्वास छातीत वर चढतो आणि आवाजात एक ताण येतो.

या वाटेचं उत्तम उदाहरण लंडनच्या ग्लोबचं, म्हणजे शेक्सपिअरच्या नाट्यगृहाच्या प्रतिकृतीचं. १९९७ साली नव्याने उघडलेल्या या नाट्यगृहात वेशभूषाकार जेनी तिरामानी यांनी त्या काळच्या पद्धतीने, हाताने शिवलेले कपडे आणले. तिथल्या ‘ट्वेल्फ्थ नाइट’ला २०१४ मध्ये वेशभूषेचा टोनी, म्हणजे अमेरिकी रंगभूमीचा मानाचा पुरस्कार, मिळाला. न्यूयॉर्कला नट प्रेक्षकांसमोरच कपडे चढवत, त्यामुळे एवढं चढवायला किती हात लागतात हे लोकांना दिसे. तो हिशेब तुम्हीही आधी करा. चेटकिणींचे नट पुढे सरदार म्हणून येणार असतील तर डगला डोक्यावरून अर्ध्या मिनिटात बदलतो. डब्लेटला मदतनीस लागतो, नाहीतर वेल्क्रो. आणि वेल्क्रोचा चर्र आवाज मॅकबेथचा सोबती बँको याच्या खुनाच्या शांततेत शेवटच्या खुर्चीपर्यंत जातो.

गळ्यातल्या चुणीदार रफबद्दल थोडक्यात: खळ घातलेलं सुती कापड पावसाळ्यात कोकणातल्या दौऱ्यावर पहिल्या अंकातच मान टाकतं. ऑर्गंझा घ्या, काठाला मासेमारीची नायलॉन दोरी घाला. कॉलर माईक असेल तर तो घासून खरखरतो, म्हणून रफ सोडून साधी पडती कॉलरच बरी. १६०६ मध्ये तीही चालत होती.

शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्यांना मी एक चित्र दाखवते. १५९५ च्या आसपासचं मानलं जाणारं, हेन्री पीचमच्या नावाचं ‘टायटस अँड्रॉनिकस’चं रेखाटन. टायटस रोमन धाटणीच्या कापडात आणि त्याच्या मागचे शिपाई चक्क एलिझाबेथच्या काळातल्या पोशाखात. शेक्सपिअरच्या हयातीतही सरमिसळच होती. गोष्टीच्या काळाचा हट्ट नंतरचा. नट चार्ल्स मॅकलिनने १७७३ मध्ये मॅकबेथला जुना स्कॉटिश वेश दिला, तर नट-निर्माता चार्ल्स कीनने १८५३ मध्ये अकरावं शतक उभं करताना जाहिरातीच्या कागदावर संदर्भांची जंत्रीच छापली.

तरी मी कौल देते तो अकराव्या शतकाला, आणि तो खर्चासाठी नाही. नाटकात कपडे हा सततचा विषय आहे. मॅकबेथ सुरुवातीलाच विचारतो की मला उसने कपडे का चढवताय, आणि शेवटी अँगस हा सरदार म्हणतो की राक्षसाचा झगा बुटक्या चोराच्या अंगावर लोंबावा तशी राजपदवी याच्या अंगावर लोंबते आहे. डब्लेट लोंबत नाही, ते मापाचंच असतं. डंकनचा घोट्यापर्यंतचा झगा पाचव्या अंकात मॅकबेथच्या अंगावर घाला, बाह्या बोटांवर येऊ द्या, आणि अँगसचं वाक्य प्रेक्षक ऐकण्याआधीच पाहतो. मॅकबेथ धिप्पाड असेल तर अर्थात हे फसतं. मग डब्लेटकडे वळा.

झोपेत चालणाऱ्या लेडी मॅकबेथचा ‘नाइटगाउन’ मात्र दोन्ही वाटांवर चुकतो. त्या काळी तो शब्द झोपायच्या कपड्यासाठी नव्हता, वरून घ्यायच्या उबदार झग्यासाठी होता. दुकानातली सॅटिनची नायटी घालू नका.

अडचण राहते द्वारपालाची. फ्रेंच तुमानीचं कापड चोरणाऱ्या इंग्रज शिंप्याची तो टवाळी करतो आणि ती तुमान १६०६ ची आहे, १०४० ची नाही. संहितेतून काढा असं मला सांगितलं गेलं होतं. मी ठेवली. पहिल्या प्रयोगाला त्या वाक्यावर एकच हशा आला, आमच्या शिंपीकाकांचा, आणि तो बराच वेळ थांबला नाही.