मॅक मिनी की सेकंडहँड टायनी: पैसे कुठे घालायचे?

टेबलावर जागा कमी आणि लॅपटॉप नको असेल, तर चौकशीअंती दोन नावं हमखास समोर येतात: कोरा एम४ मॅक मिनी, किंवा कंपन्यांच्या ऑफिसांतून बाहेर पडलेला लेनोवोचा थिंकसेंटर एम७२०क्यू टायनी. दोन्ही मॉनिटरमागे सहज मावतात. फरक पडतो तो झाकण उघडल्यावर.

मिनी नोव्हेंबर २०२४ मध्ये ५९,९०० रुपयांना बाजारात आला, १६ जीबी रॅम आणि २५६ जीबी स्टोरेजसह. या किमतीला असा वेग दुसरीकडे सापडणं कठीण. पण गोम पुढच्या पायऱ्यांत आहे. लाँचच्या वेळी ५१२ जीबीचं मॉडेल ७९,९०० ला होतं आणि त्यावर २४ जीबी रॅम हवी तर ९९,९०० ला. रॅम प्रोसेसरच्याच पॅकेजवर असल्याने घेताना जी घेतली तीच शेवटपर्यंत. स्टोरेजचं मॉड्यूल मात्र सॉकेटमध्ये बसतं. तरी ते ॲपलच्या स्वतःच्या घडणीचं. बाजारातली एनव्हीएमई (पट्टीसारखी वेगवान एसएसडी) त्यात बसत नाही. थर्ड पार्टी मॉड्यूल टाकलंच, तर सिस्टिम पुन्हा चढवायला दुसरा मॅक हाताशी लागतो. त्यापेक्षा १० जीबीपीएसच्या यूएसबी-सी एन्क्लोजरमध्ये, म्हणजे बाहेरून जोडायच्या डबीत, एनव्हीएमई घालून फोटो-व्हिडिओ तिकडे ठेवावेत. सेकंदाला हजार एमबीच्या आसपास वेग मिळतो. म्हणून मिनीवर जादा पैसे घालायचेच तर रॅमवर घाला. आणि टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर चालवायचं असेल तर मिनीचा विचार सोडा, ते मॅकवर थेट चालत नाही.

आता टायनी. मागचा एकच स्क्रू काढला की वरचं झाकण पुढे सरकतं. पंखा वरच्या बाजूला, रॅम आणि एनव्हीएमई खालच्या झाकणाखाली. रॅमचे दोन स्लॉट, दोन्हींत डीडीआर४ एसओ-डीआयएमएम, म्हणजे लॅपटॉपची रॅम. चुकून डेस्कटॉपची लांब पट्टी घेऊन येणारे कमी नाहीत, ती इथे बसत नाही. एनव्हीएमईसाठी एम.२ चा एक स्लॉट, शिवाय अडीच इंची साटा ड्राइव्हची (लॅपटॉपच्या हार्ड डिस्कच्या आकाराची) जागा. रायझर (कार्ड आडवं बसवणारा जोडतुकडा) लावून नेटवर्कसारखं जादा पीसीआयई कार्ड बसवता येतं, पण मग अडीच इंची ड्राइव्ह बाहेर काढावी लागते. दोन्ही एकदम जमत नाहीत.

एकच ८ जीबीची पट्टी असेल तर दुसरी तशीच टाका. ड्युअल चॅनल झालं, म्हणजे दोन्ही पट्ट्या एकाच वेळी वापरात आल्या, की इंटेलच्या अंगभूत ग्राफिक्सलाही त्याचा फायदा होतो. मात्र २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव असे भडकलेत की ‘स्वस्तात घेऊ, मग वाढवू’ हा जुना हिशेब चुकतो. दोन हजार जास्त मागितले तरी १६ जीबी आधीच बसवलेला नग घ्यावा.

सेकंडहँडमध्ये सर्वांत महागात पडणारी चूक प्रोसेसरच्या पिढीची. एम७२०क्यूमधला आय५-८५००टी म्हणजे आठवी पिढी, सहा कोअर, ३५ वॅट. विंडोज ११ अधिकृतपणे चालतं. त्याच तोंडवळ्याचा एम७१०क्यू सहाव्या-सातव्या पिढीचा, तिथे विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. बाहेरून दोघे भाऊच वाटतात. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात उभे असाल तर स्टिकरवर विसंबू नका, चालू करून टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचं नाव वाचा. बायोसमध्ये (विंडोजआधी उघडणाऱ्या सेटिंग्जमध्ये) शिरून, त्या सेटिंग्ज कुलूपबंद करणारा सुपरवायझर पासवर्ड नाही ना, तेही बघा. आधीच्या कंपनीने तो तसाच ठेवला असेल तर नंतर डोकं आपटावं लागतं. बंद करून प्लग काढा, थोड्या वेळाने पुन्हा लावा. घड्याळ मागे गेलं तर आतला नाण्याच्या आकाराचा सीआर२०३२ सेल संपलाय. तो किरकोळ खर्च आहे, तेवढ्यावरून नग नाकारू नका. वायफाय लागणार असेल तर कार्ड आणि अँटेना दोन्ही आहेत का ते विचारा, ऑफिसच्या नगांत ती बऱ्याचदा नसतात. ॲडाप्टर मूळचाच हवा, २० व्होल्टचा, चौकोनी पिनचा.

गेम खेळायचे असतील तर दोन्ही बाजूला ठेवा आणि डेलच्या ऑप्टिप्लेक्स ७०६० चं एसएफएफ (स्मॉल फॉर्म फॅक्टर) मॉडेल शोधा. आकार चांगलाच मोठा, पण त्यात लो-प्रोफाइल, म्हणजे कमी उंचीचं, ग्राफिक्स कार्ड बसतं. कार्ड वेगळी पॉवर केबल न मागणारंच घ्यायचं, कारण या डेलचा २०० वॅटचा पॉवर सप्लाय खास घडणीचा आहे आणि दुकानातला साधा एसएमपीएस त्याच्या जागी बसत नाही.