फुयू म्हणून घेतली, निघाली कच्ची टेंभरं

आमच्या गडचिरोलीकडे कच्चं टेंभरू, म्हणजे तेंदूचं फळ, कुणी दुसऱ्यांदा तोंडात घालत नाही. जिभेवर गोणपाट अंथरल्यागत होतं. एवढं ठाऊक असून मी फसलो.

सहा वर्षांपूर्वी दिवाळीनंतर एका कृषी प्रदर्शनात ‘जपानी फळा’चा, म्हणजे पर्सिमॉनचा, स्टॉल दिसला. विक्रेत्यानं सफरचंदासारखं कडक, केशरी फळ कापून दिलं. गोड, कुरकुरीत. “भाऊ, ही फुयू जात. टेंभराच्याच कुळातली. तुमच्या जंगलात टेंभरं येतात, तं हे का नाही येणार?” पटलं. 450 रुपयांना एक अशी 40 रोपं घेतली, 18,000 मोजले. पावतीवर जातीचं नाव नाही, नुसतं ‘जपानी फळझाड’.

तीन उन्हाळ्यांत 31 वाळली. टेंभुर्णी तगते, पण हे फळ आपल्या देशात मुख्यतः कुलू-काश्मीरकडचं! यंदा दोन झाडं फुलली, एकाला चार फळं धरली. आईनं घास घेतला अन् थुंकला. “हे तं कच्चं टेंभरू होय रे!”

फोनवर विक्रेता म्हणाला, “मऊ होऊ द्या, गोड लागते.” लागलंही. पण तिथंच तो सापडला. फुयू, जिरो या जातींत तुरट टॅनिन साठणं फळ लहान असतानाच थांबतं, म्हणून ती कडक असतानाच खातात. हाचिया ही जात मऊ झाल्याशिवाय खाववत नाही. काही जातींत सगळा खेळ बियांचा. बी धरली की तिच्याभोवतीचा गर तपकिरी होऊन तुरटपणा सोडतो. माझ्या फळात दोन बिया, भोवती बारीकशी तपकिरी कडी, बाकी पिवळा गर तुरट. फुयू असं नसतं.

मग म्हणे, “फुयूच्याच बियांची रोपं आहेत.” म्हणजे कबुलीच दिली! या झाडात गुणसूत्रांचे सहा संच असतात. जपानी जातींत फुयूसारखा तुरटपणा जायचा तर सहाही संचांत बिनतुरट जनुक लागतं. बी धरताना परागातून एक जरी तुरट आलं, तरी त्या बीच्या झाडाचं फळ तुरट. म्हणून फुयू कलमानंच वाढवतात.

आंब्याचं रोप घेताना मी आधी कलमाचा जोड बोटानं चाचपतो. इथं गोड फोड चघळत बसलो, बुंध्याकडे पाहिलंच नाही. फळरोपवाटिकेला 1969च्या कायद्यानं परवाना लागतो, तोही मागितला नाही.

आता तो फोन उचलत नाही. उरलेली नऊ झाडं तोडायला निघालो, तर आई आडवी आली. “मऊ झाल्यावर गोड लागते न!”