लेखनगट हवा, पण कुठला: वाचून दाखवण्याचा की बसून लिहिण्याचा?

विद्यापीठातल्या सूचनाफलकावर सत्राच्या सुरुवातीला दोन तऱ्हेचे कागद लागतात. एकावर लिहिलेलं असतं, 'दर आठवड्याला भेटतो, एकमेकांचं लिखाण वाचतो, त्यावर बोलतो.' दुसऱ्यावर, 'दर आठवड्याला भेटतो, दोन तास गप्प बसून लिहितो.' दोन्ही स्वतःला लेखनगटच म्हणवतात, त्यामुळे चुकीच्या दारात शिरणारे पुष्कळ. मी त्यातलीच. पहिल्या वर्षी अभिप्रायाच्या गटात गेले तेव्हा माझ्याकडे दाखवण्यासारखं लिखाणच नव्हतं, होत्या त्या नुसत्या तीन सुरुवाती. दुसऱ्या वर्षी बसून लिहिणाऱ्यांत गेले. तोवर पानं साठली होती आणि त्यात काय बिघडलंय ते सांगणारं कुणी जवळ नव्हतं. उलट क्रमाने गेले असते तर एक वर्ष वाचलं असतं.

म्हणून गटाची चौकशी करण्याआधी आपलं घोडं कुठे पेंड खातंय ते बघावं. लिहूनच होत नाही, की लिहिलेलं जमत नाही? बहुतेक जण दुसरं उत्तर देतात, कारण ते जरा भारदस्त वाटतं. खरी परिस्थिती तपासायला सोपी आहे: गेल्या दोन महिन्यांत पूर्ण झालेला, कितीही वाईट असो पण शेवटापर्यंत पोचलेला मसुदा तुमच्याकडे आहे का? नसेल तर तुम्हाला अभिप्राय नको आहे, खुर्ची हवी आहे.

वाचून दाखवणारा गट

आधी वेळेचा हिशोब, कारण सामील होताना तो कुणी मांडत नाही. समजा गटात सहा जण आहेत, दर आठवड्याला दोघांची पाळी, आणि प्रत्येकाचं लिखाण दोन हजार शब्दांच्या आसपास. दुसऱ्याचा मसुदा नीट वाचून समासात टिपणं करायची तर पाऊण तास लागतो. दोन मसुद्यांचा दीड तास, बैठकीचे दोन. म्हणजे आठवड्याला साडेतीन तास. पंधरा आठवड्यांच्या सत्रातला पहिला आठवडा ओळखीत जातो, शेवटचे दोन परीक्षेत. उरलेल्या बारांत तुमची पाळी चारदा येते. स्वतःच्या पाळीच्या आठवड्यात वाचन कमी असतं ते धरूनही सत्राला जवळपास 40 तास गेले, आणि त्यात स्वतःचं लिहिण्यासाठी एक मिनिटही नाही! ते वेगळं काढायचं. गट दहा जणांचा असेल तर पाळी पाच आठवड्यांनी येणार, सत्रात जेमतेम दोनदा. म्हणून 'गटात किती जण आहेत आणि एका बैठकीत किती जणांचं होतं?' हे पहिल्याच दिवशी विचारून घ्यावं. विषय, साहित्यप्रकार, गटाचं नाव वगैरे नंतर.

मग इतका वेळ द्यायचा कशासाठी? माझ्यापुरतं उत्तर एका समासात आहे. माझ्या एका कथेत बहीण भावाला स्टेशनवर सोडायला जाते. पहिलं दीड पान मी घरातली आवराआवर लिहिली होती: कपाट, किल्ल्या, कुणाचा तरी न सापडणारा मोजा. गटातल्या एकीने तिसऱ्या परिच्छेदाशी पेन्सिलीने आडवी रेघ मारून लिहिलं होतं, 'इथे मी फोन बघितला.' दुसऱ्याच्या प्रतीवर जवळपास त्याच जागी होतं, 'अगं, निघणार कधी?' दोघांनी एकमेकांचे कागद पाहिलेले नव्हते. मी तो परिच्छेद निदान वीस वेळा वाचला असेन आणि तो मला आवडत होता. त्या रात्री दीड पान कापलं. आता कथा बॅगेची चेन अडकते तिथून सुरू होते.

त्याच बैठकीत एकाने शेवट बदलायला सांगितला, एकीने भावाऐवजी मित्र करून बघ म्हटलं, आणि एकाने नावावर दहा मिनिटं घेतली. यातलं मी काहीच केलं नाही. चार लोक एकाच जागी अडखळले तर ती जागा बिघडलेली असते हे मी आता मानते, पण दुरुस्ती प्रत्येक जण स्वतःच्या चवीची सुचवतो. नवख्या माणसाला हा फरक कळायला दोन-तीन पाळ्या जातात. तोवर तो घरी जाऊन पाचही जणांच्या सूचना एकाच मसुद्यात कोंबतो आणि मसुद्याचं वाटोळं करतो.

लोक सहसा सांगत नाहीत तो फायदा दुसऱ्यांचं वाचण्यात आहे. वरच्या हिशोबाने सत्रात तुम्ही 20 कच्चे मसुदे वाचता. छापील पुस्तकात चुका कुणीतरी आधीच काढून टाकलेल्या असतात, त्यामुळे गोष्ट नेमकी कुठे बसकण मारते ते तिथे दिसत नाही. कच्च्या मसुद्यात दिसतं, आणि दुसऱ्याच्या मसुद्यात तर लगेच. आठव्या-नवव्या मसुद्याला 'हेच तर मी करते' असं वाटून कान गरम होतात. माझ्या मते गटाची फी तिथेच वसूल होते.

आता तोटे. बोलण्याची रीत काय आहे यावर सगळं अवलंबून. लेखकाने गप्प बसायचं आणि बाकीच्यांनी त्याच्या लिखाणावर बोलायचं, ही रीत अनेक ठिकाणी दिसते. 1936 साली सुरू झालेल्या आयोवा विद्यापीठाच्या लेखन कार्यशाळेशी तिचं नाव जोडलं जातं. गप्प बसण्याने स्वतःची वकिली करायची सवय सुटते हे खरं, पण सगळे मिळून चुकीच्या वाटेला लागले तर लेखकाला हात वर करता येत नाही. याच्या उलट वळणाची पद्धत लिझ लर्मन या अमेरिकन नृत्यदिग्दर्शिकेने 1990 मध्ये बसवली. तिच्यात चार पायऱ्या आहेत: आधी ऐकणाऱ्यांना काय भिडलं ते सांगायचं, मग लेखकाने आपले प्रश्न विचारायचे, मग ऐकणाऱ्यांनी ज्यात मत दडलेलं नाही असे साधे प्रश्न करायचे, आणि मत अगदी शेवटी, तेही लेखकाची परवानगी घेऊन. 'शेवट इतका घाईत का उरकलास?' हा साधा प्रश्न नव्हे, त्यात मत लपलंय. 'शेवटाचा वेग कसा असावा असं तुझ्या मनात होतं?' हा चालतो. ऐकायला शिष्टाचाराचं वाटतं, पण तिसऱ्या पायरीवर लेखक स्वतःच म्हणतो, 'अरे, मला तर तो सावकाश हवा होता.' निम्मं काम तिथेच होतं.

रीत काहीच नसलेले गट दोन टोकांना जातात. एका टोकाला 'छान आहे, आवडलं', जे ऐकून घरी जाताना हातात काही नसतं. दुसऱ्या टोकाला एखादा जोरकस आवाज. ऑक्सफर्डमधल्या 'इंकलिंग्ज' या मंडळाचं उदाहरण यासाठी बघण्यासारखं आहे. गुरुवारी संध्याकाळी सी. एस. लुइस यांच्या मॉडलिन कॉलेजमधल्या खोलीत ही मंडळी जमत आणि जे. आर. आर. टॉल्किन तिथे 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधली प्रकरणं लिहून होतील तशी वाचून दाखवत. ह्यूगो डायसन या सदस्याला त्यातल्या एल्फ या काल्पनिक जमातीचा उबग होता, आणि तो इतका बोलून दाखवला जाई की पुढे पुढे डायसन हजर असले की ते वाचन बंद ठेवावं लागे. टॉल्किन तेव्हा नावाजलेले प्राध्यापक होते, तरी ही गत. एकोणीस वर्षांच्या मुलीने पहिल्याच वाचनात असा डायसन भेटल्यावर वही मिटून ठेवली तर तिला दोष देता येत नाही.

बसून लिहिणारा गट

इथे सांगण्यासारखं कमी घडतं, आणि तोच त्याचा गुण. लोक येतात, आज काय लिहिणार ते एका वाक्यात सांगतात, घड्याळ लावलं जातं. बहुतेक ठिकाणी 25 मिनिटं काम आणि 5 मिनिटं विश्रांती अशा फेऱ्या असतात. ही रीत फ्रान्चेस्को चिरिल्लो या इटालियन गृहस्थाची, 1980 च्या दशकाच्या अखेरची. तेव्हा तो स्वतः विद्यापीठात शिकत होता, अभ्यासात मन लागेना म्हणून स्वयंपाकघरातलं टोमॅटोच्या आकाराचं घड्याळ लावून बसला, आणि पद्धतीचं नाव इटालियन टोमॅटोवरून 'पोमोदोरो' पडलं.

दोन तासांत चार फेऱ्या, म्हणजे शंभर मिनिटं लिखाण. बारा आठवड्यांचे 20 तास. माझा वेग फेरीला अडीचशे शब्दांच्या आसपास, कच्चे, अर्धे फेकायचे. तरी सत्राअखेर बारा हजार शब्द कागदावर असतात. एकट्याने खोलीत बसून मी तेवढ्याच आठवड्यांत कधी तीन हजारांच्या पुढे गेले नाही. पहिल्या बैठकीत मात्र पहिल्या फेरीत फक्त 140 शब्द झाले, आणि शेजारचा मुलगा टपटप टाइप करतोय म्हणून मीही मध्येच उगाच बोटं चालवली. नंतर कळलं, तो प्रयोगशाळेचा अहवाल उतरवत होता.

'ठरलेल्या वेळी बसून सुचत नाही, सुचेल तेव्हाच लिहितो' असं म्हणणाऱ्यांसाठी एक जुना प्रयोग आहे. रॉबर्ट बॉइस या मानसशास्त्रज्ञाने 1980 च्या दशकात लिखाण अडलेल्या अध्यापकांचे तीन गट केले. पहिल्याला सांगितलं, अगदीच निकड असल्याशिवाय लिहू नका. दुसऱ्याला, मनात येईल तेव्हा लिहा. तिसऱ्याला ठरल्या वेळी लिहिणं भागच पाडलं, न लिहिल्यास नावडत्या संस्थेला पैसे द्यावे लागतील अशा बोलीवर. तिसऱ्या गटाने सगळ्यांत जास्त पानं लिहिली. ते अपेक्षितच होतं, पण नव्या कल्पनाही सगळ्यांत जास्त त्यांनाच सुचल्या. प्रयोग लहान होता, त्यावर अख्खा सिद्धांत उभारू नये. पण बसल्यावर सुचतं हे मीही बऱ्याचदा अनुभवलंय, बहुतेक वेळा तिसऱ्या फेरीत.

या गटाचा तोटा एकच, पण मोठा: तुम्ही वर्षभर एकच चूक नेमाने करत राहू शकता. शांतता कुणाला काही सांगत नाही. शिवाय पाच मिनिटांच्या विश्रांतीची वीस झाली की गट संपला असं समजा. घड्याळ धरणारं, थोडं खडूस माणूस असलेला गट शोधा.

जोडीदार हा मधला मार्ग म्हणून सुचवला जातो. एकच माणूस, दर आठवड्याला अदलाबदल, पाळीची वाट बघायला नको. जमलं तर यासारखं काही नाही. पण दोघांपैकी एकाची चाचणी आली की आठवडा बुडतो, आणि जोडीदार आधीपासूनचा मित्र असेल तर दोन तासांतला दीड गप्पांत जातो. श्रेयांक मिळणारा लेखनाचा अभ्यासक्रम असेल तर तोही बघा: तिथे अनुभवी माणूस वाचतो आणि तारीख पाळावी लागते, फक्त गुण आले की धाडस कमी होतं.

दोन्हीकडे आधी विचारून घ्यायचं ते

गुणांसाठीची असाइनमेंट किंवा प्रबंधाचं प्रकरण गटात आणणार असाल तर आधी त्या विषयाच्या शिक्षकांना विचारा. दुसऱ्याकडून किती मदत चालते याचे नियम विद्यापीठागणिक, कधी विषयागणिकही बदलतात. बसून लिहिण्याच्या गटात हा प्रश्न येत नाही, म्हणून प्रबंधवाल्यांना मी सरळ तिकडे पाठवते. कविता-कथावाल्यांनी, मसुदा शेवटापर्यंत पोचवायची सवय असेल तर, अभिप्रायाच्या गटात जावं. सवय नसेल तर एक सत्र बसून लिहिणाऱ्यांत, पुढचं अभिप्रायाच्या गटात. दोन्ही एकदम धरले तर आठवड्याचे साडेपाच तास जातात, आणि परीक्षेच्या महिन्यात त्यातला एक गट तुमच्यावर रुसतोच.

गटाचं वय विचारा, आणि तो कोण चालवतं तेही. 'इंकलिंग्ज' हे नावसुद्धा मुळात 1930 च्या सुमाराला ऑक्सफर्डच्या एका विद्यार्थ्याने काढलेल्या मंडळाचं. सदस्यांनी अप्रकाशित लिखाण वाचायचं, बाकीच्यांनी तिथल्या तिथे टीका करायची. तो शिक्षण संपवून गेला, मंडळ बंद पडलं, आणि नाव लुइस यांच्या मित्रमंडळाने उचललं. विद्यार्थ्यांच्या गटांचं आजही असंच होतं. शेवटच्या वर्षाच्या एकाच माणसावर उभा असलेला गट पुढच्या वर्षी असेल असं धरून चालू नका, किंवा मग किल्ली आपल्याकडे घ्यायची तयारी ठेवा.

पहिल्या भेटीत लिखाण नेऊ नका. नुसतं बसून बघा, आणि ज्याच्यावर त्या दिवशी बोललं गेलं तो उठताना वहीत काही लिहून घेतोय का ते पाहा. आमच्याकडे नवा माणूस दोन बैठका असाच बसतो, तिसऱ्याला पाळी मागतो. सोडायचं झालं तर आपली पाळी आटोपल्यावर लगेच गायब होऊ नका. ज्यांनी तुमचं वाचलं त्या सगळ्यांचं एकेकदा वाचून व्हायला तीन आठवडे लागतात, तेवढं थांबा आणि मग सांगून जा.