केलेक्लिक आणि सोनावेब: तार्तूला निघालेल्यांसाठी एस्टोनियनची फुकट शिदोरी

एस्टोनियातल्या तार्तू किंवा तालिनला इंग्रजीतून एम.एस्सी. करायला निघालेल्यांचा ठरलेला प्रश्न: एस्टोनियन कशाला शिकायची? पदवी घेऊन लगेच परतायचं असेल तर नका शिकू, अडणार नाही. तिथे राहायचा विचार असेल तर मात्र दीर्घकालीन वास्तव्याच्या परवान्याला बी-१ पातळी (युरोपीय भाषा-मोजपट्टीतली मधली पायरी) लागते आणि नागरिकत्वालाही तीच. दुकानात किंवा काउंटरवर गिऱ्हाइकांशी बोलण्याची नोकरी करायची तरी भाषेची अट आडवी येते.

देशाची वस्ती १३ लाखांच्या आसपास, म्हणजे एकट्या नाशिक शहराहून कमी. तार्तूचं विद्यापीठ १६३२ सालचं, पण तिथे एस्टोनियन ही शिकवण्याची भाषा झाली ती १९१९ मध्ये. त्यामुळे इंग्रजीला दार उघडताना त्यांनी कड्या नीट तपासून घेतल्या. २०१३ पासून एस्टोनियन माध्यमातून पूर्णवेळ शिकणाऱ्याने दर सत्रात ३० श्रेयांक (क्रेडिट) पुरे केले की शुल्क नाही. इंग्रजी माध्यमाला विद्यापीठ शुल्क लावू शकतं. पीएच.डी.चा प्रबंध इंग्रजीत लिहिलात तरी एस्टोनियन सारांश जोडावा लागतो. आणि बाहेरून आलेल्याला 'आमची भाषा शिका' असं नुसतं सांगून न थांबता सार्वजनिक पैशातून शिकण्याची सोयही केली. ती सोय म्हणजे केलेक्लिक. 'केल' म्हणजे भाषा आणि जीभ, दोन्ही.

केलेक्लिक हा शून्यापासून ए-२, म्हणजे बी-१ च्या खालच्या पायरीपर्यंत नेणारा ऑनलाइन अभ्यासक्रम. ईमेल देऊन नोंदणी करायची, समजावणीची भाषा इंग्रजी निवडायची, पैसे शून्य. प्रत्येक धड्यात छोटे विनोदी कार्टूनपट, शब्द, व्याकरणाचे व्हिडिओ आणि सराव. याची खरी किंमत शेवटच्या भागात आहे: तुम्ही लिहिलेलं पत्र खरी शिक्षिका तपासून देते. फुकटच्या अॅपमध्ये ही चैन सहसा मिळत नाही. म्हणून पत्रं टाळून नुसत्या रिकाम्या जागा भरत पुढे जाऊ नका. आठवड्याला एक धडा, रोज पाऊण तास, हा वेग झेपतो. पहिल्याच दिवशी संगणकावर एस्टोनियन कीबोर्ड घालून घ्या. स्वरांवरचे ठिपके आणि लाटा गाळून लिहिलं की शब्दच बदलतो.

मराठी माणसाला इथे एक छुपा फायदा आहे, तो कोणताही इंग्रजी व्हिडिओ सांगणार नाही. एस्टोनियनमध्ये १४ विभक्ती आहेत हे ऐकून लोकांना घाम फुटतो. पण त्यांचं यंत्र आपल्या सामान्यरूपासारखंच चालतं. आपण 'कापूस'ला थेट 'चा' लावत नाही. आधी 'कापसा' करतो, मग प्रत्यय. तिथे खिडकी म्हणजे 'आकेन', तिचं सामान्यरूप 'आक्ना', मग 'आक्नाल' म्हणजे खिडकीवर. पुस्तक 'रामात', सामान्यरूप 'रामातु'. पुढे रामातुस पुस्तकात, रामातुस्त पुस्तकातून, रामातुगा पुस्तकासह, रामातुता पुस्तकाविना. (कसबी कारागीर म्हणजे 'मेइस्तेर', सामान्यरूप 'मेइस्त्रि'. आपला मिस्त्री आठवल्याशिवाय राहत नाही.) लिंग नाहीच, तो आणि ती एकच. 'पोहायला जातो' आणि 'पोहायचंय' या दोन रूपांत इंग्रजी बोलणारे गोंधळतात. तिथे 'मा लॅहेन उयुमा' आणि 'मा ताहान उयुदा' ही जोडी आपल्याला लगेच कळते.

अडतं ते दोन ठिकाणी. पहिलं, कर्म. 'मा लोएन रामातुत' म्हणजे पुस्तक वाचतोय, संपलेलं नाही. 'मा लोएन रामातु लॅबि' म्हणजे वाचून संपवतो. भविष्यकाळ वेगळा नसल्याने हा फरक कर्माच्या रूपावर तोललेला असतो. म्हणून प्रत्येक नामाची तीन रूपं (मूळ, सामान्यरूप आणि 'रामातुत'सारखं कर्माचं) एकत्र पाठ करा: आकेन, आक्ना, आकेन्त. एकच रूप पाठ करणाऱ्यांना चौथ्या-पाचव्या धड्यानंतर सगळं पुन्हा मागे जाऊन करावं लागतं.

दुसरं, कान. वहीत देवनागरीत उच्चार लिहून घ्यायची आपली सवय इथे दगा देते. त्यांचे ब, द, ग घोष नसतात; ते हलके प, त, क असतात. 'तुबा' म्हणजे खोली, 'तुप्पा' म्हणजे खोलीत (आत जाताना), आणि फरक सगळा व्यंजनाच्या लांबीचा. त्यात लांबीच्या पायऱ्या तीन. 'लिन्ना' हा शब्द 'शहराचा' आणि 'शहरात जायला' या दोन्ही अर्थांनी लिहायला अगदी सारखा. बोलताना दुसऱ्यात 'न' आणखी ताणतात. लेखनावरून हे कळतच नाही, तेव्हा हेडफोन लावून ऐका आणि मोठ्याने म्हणा.

उणीव सांगायची तर अभ्यासक्रम घर, बाजार, डॉक्टर, प्रवास यांच्यापुरता आहे. तो संपवून एस्टोनियन व्याख्यानाला जाऊन बसलात तर 'तेरे' म्हणजे नमस्कार एवढंच पदरात पडेल. बी-१ साठी पुढे 'केलेते', म्हणजे भाषेची वाट, हा तसाच मोफत अभ्यासक्रम आहे. सरकारी परीक्षेत लेखन, श्रवण, वाचन, संभाषण असे चार भाग. एकूण ६० टक्के हवेत आणि एकाही भागात शून्य चालत नाही. संभाषणासाठी समोर माणूस शोधाच.

विद्यापीठातल्या शब्दांसाठी सोनावेब. हे एस्टोनियन भाषा संस्थेचं २०१९ पासूनचं शब्दकोश-संकेतस्थळ. शब्द टाकला की अर्थ, ध्वनी आणि सगळी विभक्तिरूपं एका पानावर. शिकणाऱ्यांसाठी सोपी आवृत्ती वेगळी, आणि निरनिराळ्या शास्त्रांचे परिभाषासंग्रहही तिथेच शोधता येतात. सॉफ्टवेअर 'तार्कवारा', हार्डवेअर 'रीस्तवारा', संगणक 'आर्वुति'. पायाभूत सुविधांसाठीचा 'तारिस्तु' हा शब्द २०१० च्या शब्दस्पर्धेतून आला आणि रुळलासुद्धा. आपल्याकडे परिभाषाकोश कमी नाहीत, पण शब्दाची रूपं, उच्चार आणि वापर असे एका खिडकीत मिळत नाहीत, म्हणून विद्यार्थी तिकडे फिरकत नाही.

केलेक्लिकला पाचपैकी चार, सोनावेबला साडेचार. सुरुवात विमानात बसण्याआधी चार महिने करा. तिथे पोचल्यावर पहिलं सत्र ३० श्रेयांकांचं, एका श्रेयांकाला २६ तास, आणि उरलेला वेळ स्वयंपाकात जातो.