गावभर भरणारा गराज सेल: अडगळ काढण्यासाठी ही सोय कितपत उपयोगी आहे?

न्यू जर्सीच्या मध्य भागातील आमच्या लहानशा गावात नगरपालिका दरवर्षी मे महिन्यातील एका शनिवारी आणि रविवारी सगळ्या गावाचा मिळून एक गराज सेल भरवते. इतकी वर्षे आम्ही त्यात केवळ गिऱ्हाईक म्हणून फिरलो होतो, यंदा प्रथमच विक्रेते म्हणून नाव नोंदवले. बावीस वर्षे राहिलेले घर सोडून दोन खोल्यांच्या सदनिकेत जायचे ठरले होते आणि तळघरात साठलेल्या वस्तूंपैकी निम्म्यासुद्धा नव्या जागेत मावणार नव्हत्या. इथल्या मराठी मंडळींपैकी पुष्कळ जण आता त्याच वयाला आले आहेत आणि आम्हाला याविषयी विचारत आहेत, म्हणून ही सोय कशी आहे आणि तिच्याकडून कोणती अपेक्षा ठेवू नये, हे सविस्तर लिहीत आहे.

गराज सेल म्हणजे घरातील नको असलेल्या, पण चांगल्या स्थितीतील वस्तू गाडी ठेवण्याच्या खोलीत आणि तिच्या पुढच्या ड्राइव्ह-वेवर मांडून येणाऱ्याजाणाऱ्यांना विकणे. इथे जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण दारात येत नाही आणि रद्दीवाला तराजू घेऊन जिना चढत नाही, त्यामुळे घरातील जुनी वस्तू बाहेर काढण्याचे सगळे श्रम घरच्यांनाच करावे लागतात. अमेरिकी समाजात ही प्रथा किती रुजली आहे याची कल्पना १२७ क्रमांकाच्या महामार्गावरील विक्रीवरून येते. १९८७ साली सुरू झालेली ती विक्री आता दर ऑगस्टमध्ये मिशिगनपासून अलाबामापर्यंत सहा राज्यांत, सुमारे ६९० मैलांच्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी भरते.

एरवी आमच्या गावात स्वतंत्र गराज सेल करायचा असेल तर नगरपालिकेचा परवाना काढावा लागतो आणि वर्षातून दोनदाच तो मिळतो. गावभराच्या सेलमध्ये भाग घेतला तर वेगळा परवाना लागत नाही. दहा डॉलर शुल्क आणि एक पानी अर्ज भरला की आपल्या घराचा पत्ता नकाशावर छापला जातो, तो नकाशा आठवडाभर आधी नगरपालिकेत व वाचनालयात ठेवतात आणि त्या दोन दिवसांपुरते मुख्य चौकांत फलकही लावतात. यंदा साठाहून अधिक घरांनी नावे नोंदवली होती. एकट्या घराच्या सेलला दिवसभरात वीस-पंचवीस माणसे आली तरी पुष्कळ म्हणायची, आमच्याकडे पहिल्या तीन तासांतच शंभराच्या आसपास येऊन गेली. दहा डॉलरांत एवढी वर्दळ मिळते, हा या सोयीचा सर्वांत मोठा गुण आहे आणि त्यासाठी मी नगरपालिकेला मनापासून चांगले गुण देते.

त्यापूर्वी आम्ही घरातील सगळे सामान विकून देणाऱ्या एका कंपनीलाही विचारून पाहिले होते. त्यांनी एकूण विक्रीच्या चाळीस टक्के रक्कम मागितली आणि घर पाहून गेल्यावर, तुमच्याकडे जुने लाकडी फर्निचर, चांदी किंवा चित्रे नसल्याने आम्हाला हे काम परवडणार नाही, असे कळवले. त्यांचे म्हणणे व्यवहाराला धरून होते. आमच्यासारख्या मध्यमवर्गीय घरांत स्टीलचे डबे, मुलांची खेळणी, बर्फ ढकलायची फावडी आणि पुस्तके हीच संपत्ती असते आणि त्यासाठी गराज सेल हाच योग्य मार्ग आहे.

तयारीला आम्हा दोघांना तीन शनिवार-रविवार लागले, आणि वाचकांनी सर्वांत अधिक लक्ष द्यावे असा भाग हाच आहे. काय विकता येते यापेक्षा काय विकता येत नाही, हे आधी पाहावे. ज्या वस्तू उत्पादकांनी सुरक्षिततेच्या कारणावरून परत मागवल्या आहेत, त्या विकणे २००८ च्या ग्राहक उत्पादन सुरक्षा सुधारणा कायद्यापासून बेकायदा आहे आणि हा नियम घरगुती विक्रीलाही लागू होतो. ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाच्या संकेतस्थळावर वस्तूचे नाव व मॉडेल क्रमांक घालून हे तपासता येते. आमच्या तळघरात मुलीचा पाळणावजा पलंग होता, २००६ साली घेतलेला, एक बाजू खाली सरकवता येणारा. लाकूड अजून नव्यासारखे होते आणि माझा जीव त्यात गुंतलेला होता. परंतु सरकती बाजू निखळून तान्ही मुले फटीत अडकून दगावल्यामुळे, अशा पलंगांच्या उत्पादनावर आणि विक्रीवर जून २०११ पासून देशभर बंदी आहे. शनिवारी सकाळी एका तरुण जोडप्याला तो गराजच्या कोपऱ्यात दिसला आणि त्यांनी साठ डॉलर देऊ केले. ती मुलगी सात महिन्यांची गरोदर होती. मी त्यांना कारण सांगितले, नवे साधे पलंग कुठे स्वस्त मिळतात तेही सांगितले आणि त्याच दुपारी माझ्या पतींनी पलंगाचे सगळे भाग सुटे करून फळ्या मधोमध कापल्या. अशी वस्तू रस्त्याच्या कडेला अखंड ठेवली तर कोणीतरी चांगल्या हेतूने उचलून नेते, म्हणून ती मोडूनच टाकावी.

मोटारीतील मुलांच्या आसनांचेही तसेच आहे. त्यांवर मुदत संपण्याची तारीख छापलेली असते आणि आसन अपघातात सापडलेले असेल तर ते वरून धड दिसत असूनही निकामी झालेले असू शकते. आमच्याकडची दोन्ही आसने मुदत संपलेली निघाली. दुचाकीची जुनी शिरस्त्राणेही आम्ही बाजूला काढली.

किंमत ठरवताना आम्ही प्रत्येक वस्तूवर आकडा न लिहिता रंगीत टिकल्या लावल्या: पिवळी पाव डॉलरची, हिरवी एक डॉलरची, निळी पाच डॉलरची, आणि रंगांचा तक्ता दारावर. ही पद्धत मी सर्वांना सुचवीन, कारण गर्दीत तीन गिऱ्हाइके एकाच वेळी भाव विचारू लागली की कागद शोधायला सवड राहत नाही. वस्तू किती रुपयांना किंवा डॉलरना घेतली होती हे पूर्णपणे विसरून किंमत लावावी लागते, आणि मला तेच सर्वांत कठीण गेले. नव्वद डॉलरचा कोट आठ डॉलरला जातो. आमचा कोट एका शाळकरी मुलाला हवा होता, त्याच्या आजीने सहा म्हटले आणि मी सहाला दिला. सुटे पैसे भरपूर हवेत. आम्ही बँकेतून पाव डॉलरच्या नाण्यांच्या दोन गुंडाळ्या आणि एक डॉलरच्या चाळीस नोटा आणल्या होत्या, त्या पहिल्या तासातच कामी आल्या.

विक्रीची वेळ नऊची होती, परंतु जुन्या वस्तूंचे व्यापारी पावणेआठलाच येऊन उभे राहिले. ते अवजारे, जुनी खेळणी आणि ध्वनिमुद्रिका भराभर चाळतात आणि एकदम पाच-सहा वस्तूंचा मिळून भाव विचारतात. नऊपूर्वी काही विकायचे नाही असे आम्ही ठरवले होते आणि ते पाळले, हे फार बरे झाले, कारण नऊनंतर आलेल्या शेजाऱ्यांनी त्याच अवजारांसाठी अधिक भाव दिला. भवानी झाली ती मात्र पाव डॉलरच्या एका चित्रमय पुस्तकाने, समोरच्या घरातील पाच वर्षांच्या मुलीच्या हातून, आणि ते पाव डॉलर मी वेगळे काढून ठेवले आहेत.

स्वयंपाकघरातील आपल्या वस्तूंचे काय होते, हा प्रश्न मराठी घरांत नेहमी विचारला जातो. स्टीलचे डबे, वाट्या आणि पातेली सर्वांत आधी संपली, आणि ती बहुतांशी बिगरभारतीय गिऱ्हाइकांनी नेली, कारण प्लास्टिकऐवजी स्टील वापरू पाहणारे लोक आता इथे पुष्कळ आहेत. पाच लिटरचा कुकर मात्र जवळच्या विद्यापीठात शिकणाऱ्या नाशिकच्या एका मुलीने घेतला. "काकू, ह्याची रिंग नवी आहे ना?" असे विचारून, झाकण लावून-काढून पाहून मगच तिने पैसे दिले. पोळपाट-लाटणे मी तिला तसेच दिले. भारतातून आणलेला मिक्सर मात्र पडून राहिला. तो २३० व्होल्टवर चालतो, इथला पुरवठा १२० व्होल्टचा आहे आणि त्यामुळे त्याच्याबरोबर वीस पौंडांचा ट्रान्सफॉर्मर बाळगावा लागतो. रविवारी एक गृहस्थ आले आणि त्यांनी ट्रान्सफॉर्मर तेवढा नेला. इथे एक सूचना करावीशी वाटते. मे महिन्यात शिक्षण संपवून मुले शहर सोडत असतात, तर ऑगस्टच्या अखेरीस भारतातून नवी मुले येतात आणि त्यांना गादीपासून झाऱ्यापर्यंत सगळेच लागते. ज्यांच्या घरात भारतीय संसाराचे सामान अधिक आहे, त्यांनी ते ऑगस्टपर्यंत राखून ठेवावे.

दोन दिवसांत आम्हाला एकूण ४८६ डॉलर मिळाले. तयारी आणि विक्री मिळून आमचे दोघांचे साठ तास तरी गेले असतील. त्या हिशेबाने ही कमाई किरकोळ आहे आणि पैसे मिळवण्यासाठी कोणी या वाटेला जाऊ नये. घरातील वापरलेली वस्तू खरेदीपेक्षा कमी किमतीला विकली तर त्यावर प्राप्तिकर लागत नाही, त्यामुळे तो घोर मात्र नसतो. माझ्या लेखी खरी मिळकत अशी, की तळघरातील सुमारे तीन चतुर्थांश वस्तू वापरणाऱ्यांच्या हाती गेल्या आणि त्यातील कितीतरी वस्तू कोणाकडे गेल्या हे मी डोळ्यांनी पाहिले. देणगीच्या दुकानात खोकी ठेवून आलो असतो तर ते दिसले नसते.

आता उणिवा सांगते. पहिली म्हणजे नकाशावर आमच्या घराचा क्रमांक चुकीचा छापला गेला, एकाहत्तरच्या जागी सतरा. मी फोन केल्यावर कार्यालयाने संकेतस्थळावरील नकाशा दुरुस्त केला, पण छापील प्रती तशाच वाटल्या गेल्या आणि सतरा क्रमांकावरील वृद्ध दांपत्याला दिवसभर लोकांना परत पाठवावे लागले, याचे मला आजही वाईट वाटते. अर्ज भरल्यावर छपाईपूर्वी पत्त्याची खातरजमा करणारी एक ओळ जरी पाठवली तरी हे टळेल. दुसरी उणीव रविवारची आहे. शनिवारी दुपारी बारानंतर गर्दी ओसरली आणि रविवारी सगळ्या दिवसात जेमतेम तीस माणसे आली, तरीही नकाशावर नाव असल्याने आम्हाला दार उघडून बसावे लागले. शनिवार हा एकच दिवस ठेवून रविवार पावसासाठी राखीव ठेवणे अधिक शहाणपणाचे होईल.

तिसरी आणि गंभीर उणीव उरलेल्या वस्तूंची आहे. रविवारी संध्याकाळी साठ घरांसमोर एकाच वेळी न विकलेले सामान असते आणि त्याची कोणतीही व्यवस्था नगरपालिका करत नाही. आम्ही फर्निचर हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटीच्या रिस्टोअर दुकानाला दिले. ते विक्रीचे पैसे घरबांधणीच्या कामाला लावतात. कपडे दुसऱ्या एका धर्मादाय दुकानात नेले आणि पावती घेतली. करात सवलत मागायची असेल तर कपडे चांगल्या वापरण्याजोग्या स्थितीत असावे लागतात आणि एकदम २५० डॉलर किंवा अधिक मूल्याची देणगी असेल तर संस्थेचे लेखी पत्र लागते, हे ध्यानात ठेवावे. जुना काचनळीचा दूरदर्शन संच कोणीच फुकटातही नेला नाही. न्यू जर्सीत २०११ पासून असे संच नेहमीच्या कचऱ्यात टाकता येत नाहीत, म्हणून तो जिल्ह्याच्या पुनर्वापर केंद्रात नेऊन द्यावा लागला. दिवाळी अंकांची चार खोकी मी सेलमध्ये मांडलीच नव्हती, ती मराठी मंडळाच्या वाचनालयाने घेतली.

आमच्या शेजारच्या काही घरांनी मात्र उरलेले सामान सोमवारी सरळ कचऱ्याच्या गाडीत दिले. त्यात एक चांगला अभ्यासाचा टेबलही होता. पुढच्या वर्षीचे अर्ज मार्चमध्ये निघतील, त्याआधी मी नगरपालिकेला लेखी विनंती केली आहे की सेलच्या शेवटच्या दिवशी चार ते सहा या वेळात एखाद्या देणगी संस्थेचा ट्रक वाचनालयाच्या वाहनतळावर उभा करावा आणि त्याची वेळ नकाशावरच छापावी. आपल्या गावात असा सेल भरत असेल तर नाव नोंदवताना ही विचारणा आपणही जरूर करावी.