जहाज पाण्यात, जमिनीवर, की मुळातच नाही? सागरी संग्रहालयाचं संचालकपद स्वीकारण्याआधीची तुलना

सागरी इतिहासाच्या एखाद्या ना-नफा संग्रहालयाचं संचालकपद चालून आलं की माणूस आधी पगार, इमारत आणि संग्रहाचा लौकिक बघतो. माझं म्हणणं आहे की त्याआधी एकच प्रश्न विचारा: या संस्थेकडे मोठं जहाज आहे का, आणि असेल तर ते पाण्यात तरंगतंय की जमिनीवर उभं आहे? तुमची पुढची पाच-सात वर्षं कशात जाणार, हे बहुतांशी या उत्तरावर ठरतं. नाणी, शिल्पं किंवा चित्रं जपणाऱ्या संग्रहालयात संचालकाला वाट बघायची मुभा असते. एखादं काम यंदा जमलं नाही तर पुढच्या वर्षी होतं. जहाज तशी सवड देत नाही.

म्हणून ही तुलना पगार-पदांची नसून तीन तऱ्हेच्या संस्थांची आहे.

जहाज पाण्यात असेल तर

याची ओढ मला पुरती समजते. शिडीवरून डेकवर पाऊल टाकताच पायाखाली जी हलकी हालचाल जाणवते, ती कुठल्याही दालनात उभी करता येत नाही. देणगीदारांचा जीवही जहाजातच गुंततो. अमेरिकेतल्या मिस्टिक सीपोर्ट संग्रहालयाचं 'चार्ल्स डब्ल्यू. मॉर्गन' हे या वाटेचं सर्वांत सुंदर उदाहरण. १८४१ साली बांधलेलं हे लाकडी जहाज देवमाशांच्या शिकारीच्या ३७ सफरी करून १९४१ मध्ये संग्रहालयात आलं. २००८ मध्ये ते पाण्याबाहेर काढलं, २०१३ मध्ये पुन्हा पाण्यात सोडलं आणि २०१४ च्या उन्हाळ्यात त्याने ३८वी सफर केली, या वेळी शिकारीसाठी नाही. हे वाचून उत्साह येतो, यायलाच हवा. पण त्यामागचं कारणही बघा. त्या संस्थेकडे स्वतःची गोदी आहे, जुन्या पद्धतीचं काम येणारे सुतार आहेत, आणि सफर झाली तेव्हा संस्थेच्या पाठीशी ८५ वर्षं होती.

आता दुसरं टोक. 'ऑलिंपिया' ही १८९२ मध्ये पाण्यात उतरलेली पोलादी युद्धनौका फिलाडेल्फियाच्या इंडिपेंडन्स सीपोर्ट म्युझियमकडे १९९६ पासून आहे. १९४५ नंतर ती कोरड्या गोदीत, म्हणजे पाणी काढून जहाजाचा तळ उघडा पाडणाऱ्या गोदीत, गेलेलीच नाही. तिचा खर्च पेलेना, म्हणून संग्रहालयाने २०१० पासून तिच्यासाठी नवा मालक शोधला. त्या शोधातून काही निघालं नाही आणि २०१४ मध्ये जहाज स्वतःकडेच ठेवायचं ठरलं. त्या काळात त्या खुर्चीत बसलेल्या माणसाच्या दिनक्रमाचा विचार करा. प्रदर्शनं, शाळा, संशोधन, सगळं एका जहाजाच्या मागे रांगेत उभं. बफेलोमध्ये 'द सुलिव्हन्स' ही १९४३ ची विनाशिका एप्रिल २०२२ मध्ये धक्क्यालाच पाणी भरून अर्धवट बुडाली. सिएटलचं १८९७ चं शिडाचं 'वावोना' २००९ मध्ये मोडीत काढावं लागलं. या जहाजांवर जीव टाकणारी माणसं होती. प्रेमाची कमतरता नव्हती, वेळेवर पैसा कमी पडला.

असं का होतं ते समजून घेतल्याशिवाय होकार देऊ नका. पोलादी जहाज पाण्याच्या रेषेपाशी सगळ्यांत आधी झिजतं, कारण तिथे पत्रा सतत ओला-कोरडा होतो आणि हवाही भरपूर लागते. आतल्या बाजूने, तळात साचलेलं पाणी त्याच पत्र्याला खात असतं. लाकडी जहाजाची गंमत उलटी. त्याला खाऱ्या पाण्याने तेवढा अपाय होत नाही, वरून झिरपणारं पावसाचं गोडं पाणी लाकूड कुजवतं. म्हणून डेकची गळती ही पाहुण्यांच्या गैरसोयीची बाब समजू नये, जहाजाच्या आयुष्याचा तो प्रश्न असतो. शिवाय जुन्या लाकडी जहाजाची दोन्ही टोकं हळूहळू खाली वाकतात आणि मधला भाग वर उचलला जातो. हा बाक एकदा आला की साध्या डागडुजीने जात नाही.

मुलाखतीला जाल तेव्हा तळातल्या पाण्याचे पंप बघायला मागा. बऱ्याच पंपांवर ते किती तास चालले हे मोजणारा छोटा काटा असतो, आणि शेजारी एखादी वही. ती वही उघडा. गेल्या वर्षी याच महिन्यात पंप किती तास चालला होता आणि आता किती चालतो, या दोन आकड्यांत जहाजाची खरी प्रकृती लिहिलेली असते. वहीच नसेल, तर तेही उत्तरच आहे.

जहाज जमिनीवर असेल तर

जहाज एकदा बाहेर काढलं की चिंता मिटली, असा समज विश्वस्तांमध्येही असतो. तो खोटा आहे. चिंता वेगळी होते, एवढंच.

ब्रिस्टलचं 'ग्रेट ब्रिटन' घ्या. १८४३ साली पाण्यात उतरलेलं हे लोखंडी जहाज १९७० मध्ये फॉकलंड बेटांवरून परत आणून त्याच्याच मूळ गोदीत ठेवलं. पण इतकी वर्षं समुद्रात राहिल्यामुळे लोखंडात क्षार भिनले होते, आणि असं लोखंड साध्या दमट हवेतही गंजत राहतं. उपाय निघाला तो असा: पाण्याच्या रेषेवर काचेचं छत आणि त्याखाली यंत्रांनी कोरडी ठेवलेली हवा, जिची सापेक्ष आर्द्रता वीस टक्क्यांच्या आसपास. २००५ पासून ही रचना लोकांसाठी खुली आहे. काचेवर पाण्याचा पातळ थर असल्याने वरून बघताना जहाज तरंगतंय असं वाटतं, आणि खाली उतरलं की तळ हाताच्या अंतरावर येतो. माझ्या मते सागरी संग्रहालयांनी केलेल्या सर्वांत बुद्धिमान कामांपैकी हे एक आहे. पण ती यंत्रं अखंड चालावी लागतात. जहाज वाचवायला पैसे देणारे मिळतात, विजेच्या बिलाला देणारे शोधावे लागतात. हा शोध संचालकाच्या वाट्याला येतो.

समुद्राच्या तळातून वर काढलेलं लाकूड हा आणखी लांबचा पल्ला. 'मेरी रोज' हे इंग्लंडचं युद्धजहाज १५४५ मध्ये बुडालं, १९८२ मध्ये वर आलं आणि त्याच्यावरचे फवारे, आधी पाण्याचे आणि मग लाकूड टिकवणाऱ्या मेणासारख्या द्रव्याचे, २०१३ मध्ये थांबले. म्हणजे तीस वर्षांहून जास्त काळ. हे काम एका धर्मादाय न्यासाने तडीस नेलं. एका संचालकाने सुरू केलेलं काम नंतरच्याने, आणि त्याच्याही नंतरच्याने पुढे न्यायचं, अशी ती जबाबदारी होती. स्टॉकहोमच्या 'वासा' या बुडालेल्या युद्धजहाजाची गोष्ट अशीच. १९६१ मध्ये वर काढलं, १७ वर्षं फवारे, १९९० मध्ये नवं संग्रहालय. सगळं झालं असं वाटत असताना २००० च्या पावसाळी हंगामानंतर लाकडावर पांढरे-पिवळसर थर दिसले. लाकडात मुरलेल्या गंधकापासून आम्ल तयार होत होतं आणि ओले कपडे घालून आलेल्या गर्दीने आतली आर्द्रता वाढवली होती. पुढे हवा नियंत्रणाची व्यवस्था नव्याने करावी लागली आणि पाच हजारांहून अधिक लोखंडी बोल्ट बदलले गेले. 'वासा'च्या पाठीशी सरकार आहे. तुमच्या संस्थेच्या पाठीशी कोण आहे?

आगीचा धोकाही जमिनीवर संपत नाही. लंडनचं 'कटी सार्क' हे जुनं शिडाचं जहाज २००७ मध्ये दुरुस्ती चालू असताना पेटलं. चौकशीत संशय गेला तो सुट्टीच्या दोन दिवसांत चालूच राहिलेल्या एका सफाई यंत्रावर. बरेचसे मूळ भाग आधीच काढून दुसरीकडे ठेवले होते म्हणून जहाज वाचलं आणि २०१२ मध्ये पुन्हा खुलं झालं. कंत्राटदाराची माणसं संध्याकाळी निघताना कोण काय बंद करतं, हा प्रश्न तुम्हाला क्षुल्लक वाटत असेल तर या खुर्चीच्या फंदात पडू नका.

तरीही पाण्यातल्या जहाजाशी तुलना केली तर इथे संचालकाला नियोजन करता येतं. खर्च मोठा, पण अंदाज बांधता येण्याजोगा. अवचित येणारी संकटं कमी, तिकिटाचं उत्पन्न जास्त स्थिर. मात्र शास्त्रज्ञांचं बोलणं समजून विश्वस्तांना सोप्या भाषेत सांगायची हातोटी लागते.

मोठं जहाजच नसेल तर

नकाशे, नोंदवह्या, जहाजांचे आराखडे, छोट्या होड्या, दिशादर्शक उपकरणं, खलाशांची पत्रं. बाहेरून हे काम सोपं दिसतं. जुनी नोंदवही उघडून बघा: शाईतल्या लोहाने कागद अक्षराच्या आकारात खाल्लेला असतो, आणि पान उलटताना ओळच्या ओळ गळून पडू शकते. पण योग्य तापमान, योग्य पेटी आणि एक चांगला जतनतज्ज्ञ असेल तर ती वही पुष्कळ काळ टिकते. जहाजाच्या मानाने हा खर्च फारच थोडा.

इथला भार वेगळा आहे, तो निर्णयांचा. इंडोनेशियातल्या बेलितुंग बेटाजवळ नवव्या शतकातलं एक अरबी धाटणीचं जहाज १९९८ मध्ये सापडलं. त्यातला अप्रतिम चिनी माल व्यापारी कंपनीने वर काढला होता, पुरातत्त्वाच्या शिस्तीने नाही. वॉशिंग्टनच्या सॅकलर गॅलरीत त्याचं प्रदर्शन ठरलं होतं. अभ्यासकांच्या आक्षेपांनंतर २०११ मध्ये ते लांबणीवर पडलं आणि मग तिथे झालंच नाही. पाण्याखालच्या वारशाचा व्यापार नको, असं युनेस्कोचा २००१ चा करार सांगतो. उद्या एखादा जुना आश्रयदाता बुडालेल्या जहाजातली सुंदर भांडी घेऊन दारात आला, तर नाही म्हणणारे तुम्हीच असणार. गुलामांच्या व्यापाराबद्दल, सक्तीने नेलेल्या मजुरांबद्दल भिंतीवर काय लिहायचं, हेही तुमच्याच सहीने जाणार.

मधली वाट आहे, आणि मला ती फार आवडते. डेन्मार्कमधल्या रोस्किल्डच्या संग्रहालयात १९६२ मध्ये खाडीतून काढलेली पाच व्हायकिंग जहाजं घरात जपली आहेत आणि त्यांच्यावरून नवी जहाजं बांधून ती चालवली जातात. या नव्या जहाजांतलं एक २००७ मध्ये डब्लिनपर्यंत गेलं. मूळ वस्तूला धक्का नाही, आणि समुद्राशी नातंही तुटत नाही. नवं जहाज झिजलं तर दुसरं बांधता येतं, त्यानिमित्ताने हातातलं कसब पुढच्या पिढीकडे जातं. मात्र काठावरची इमारत हीसुद्धा जबाबदारीच: २०१३ च्या वादळात खाडीचं पाणी याच संग्रहालयाच्या अंगावर आलं होतं.

पैसा आणि माणसं

कायम निधीतून, म्हणजे न मोडता जपलेल्या मूळ ठेवीतून, दरवर्षी साधारण चार-पाच टक्के काढावेत, असा अनेक संस्थांचा दंडक असतो. त्या रकमेत जहाजाची नेहमीची देखभाल बसते का, हा हिशेब स्वतः करा. कोरड्या गोदीची पुढची फेरी त्या हिशेबात कधीच बसत नाही. तिच्यासाठी वेगळी ठेव असायला हवी, नुसतं आश्वासन चालणार नाही.

जहाज कोणाच्या नावावर आहे हेही बघा. 'टेक्सास' ही १९१४ ची युद्धनौका अमेरिकेतल्या टेक्सास राज्याच्या सरकारच्या मालकीची, आणि ती चालवते एक ना-नफा संस्था. २०२२ मध्ये ती गॅल्व्हस्टनच्या गोदीत गेली ती सरकारी पैशाच्या बळावर. मालकी आणि कारभार वेगळे असतील तर वाद होतात, पण छोट्या संस्थेसाठी ही विभागणी बहुधा हिताची.

न्यू यॉर्कच्या साउथ स्ट्रीट सीपोर्ट संग्रहालयाकडे शिडाची दोन भली मोठी जहाजं होती. १९११ चं 'पेकिंग' त्यांनी २०१७ मध्ये हॅम्बुर्गला, त्याच्या जन्मगावी, जाऊ दिलं आणि १८८५ चं 'वेव्हरट्री' शहराच्या पैशातून दुरुस्त करून ठेवलं. मला हा निर्णय फार मोलाचा वाटतो, कारण दोन्ही जहाजं वाचली. एखादं जहाज दुसऱ्याच्या स्वाधीन करण्याचं धैर्य या कामात लागतं, आणि जहाज धड असतानाच ते दाखवावं लागतं. पत्रा चाळणी झाल्यावर घेणारा मिळत नाही.

माणसांबद्दल थोडक्यात. निवृत्त खलाशी आणि इंजिनिअर स्वयंसेवक म्हणून येतात, त्यांची निष्ठा जहाजावर असते, संचालकावर नसते. त्यांच्याशी डेकवर बोला, कार्यालयात बोलावू नका. संस्थापक मंडळी अजून विश्वस्त असतील तर नेमणुकीपूर्वीच विचारून घ्या की एखादं जहाज सोडून देण्याचा विषय बैठकीत काढता येईल का.

कोणी काय निवडावं

पहिल्यांदाच संस्था चालवणार असाल तर जहाज नसलेली किंवा रोस्किल्डसारखी होड्या बांधणारी संस्था घ्या. तिथे चूक झाली तर सावरता येते. हिशेब आणि बांधकाम प्रकल्प हाताळलेला माणूस, इतिहासाचा पदवीधर नसला तरी, जमिनीवरच्या जहाजापाशी रमेल, फक्त शेजारी पक्का क्युरेटर हवा. तरंगत्या जहाजाची संस्था मी अशालाच सुचवीन ज्याने आधी निधी उभारलेला आहे आणि ज्याला विश्वस्तांसमोर वाईट बातमी वेळेवर सांगता येते. मग त्याला जहाजातलं काही कळत नसलं तरी चालेल, ते शिकवणारे डेकवर असतात.

होकार कळवण्याआधी संस्थेकडून तळाच्या तपासणीचा शेवटचा अहवाल, जहाजाची मालकीची कागदपत्रं आणि गोदीसाठी राखलेल्या ठेवीचा ताळेबंद मागवा. 'रुजू झाल्यावर दाखवू' असं उत्तर आलं, तर नम्रपणे नकार द्या.