नॉइज काढणारा प्लगइन, सात-आठ महिन्यांनंतर : आवाज उत्तम, इन्स्टॉलर बेजबाबदार

अंध विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तकं वाचून रेकॉर्ड करते. घरीच, ऑडॅसिटी या फुकटच्या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरवर, आणि उन्हाळ्यात पंखा चालू ठेवूनच. त्या पंख्यापायी हा प्लगइन, म्हणजे ऑडॅसिटीला जोडायचा छोटा प्रोग्रॅम, विकत घेतला. कंपनीचं नाव देत नाही, तक्रार अजून मिटलेली नाही.

आवाजाबद्दल आधी सांगते. घरघर जाते आणि श, ष, स शाबूत राहतात. ऑडॅसिटीचं स्वतःचं नॉइज रिडक्शन फुकट आहे, हलक्या आवाजाला पुरतंही. पण जोरात लावलं की वाचणारा पाण्याखालून बोलल्यासारखा वाटतो. म्हणून पैसे मोजले.

मग लॅपटॉप बदलला. इन्स्टॉलर म्हणतो 'यशस्वी', इफेक्टच्या मेनूत प्लगइनचा पत्ता नाही. टूल्समधल्या प्लगइन मॅनेजरमध्ये जाऊन रीस्कॅन केलं, म्हणजे प्लगइन नव्यानं शोधायला लावले, तरी नाही. सपोर्टला लिहिलं तर उत्तर आलं, ऑडॅसिटी काढून पुन्हा टाका. तसं केलं. काहीच फरक नाही. पुढच्या मेलला तेच उत्तर, शब्दही तेच!

शेवटी फोल्डर उघडून पाहिले. इन्स्टॉलरनं प्लगइनची जुन्या व्हीएसटी२ प्रकारातली ३२-बिट डीएलएल फाइल एक्स८६वाल्या, म्हणजे ३२-बिट प्रोग्रॅमसाठीच्या, प्रोग्रॅम फाइल्समध्ये नेऊन टाकली होती. जुन्या लॅपटॉपवर ३२-बिट ऑडॅसिटी होती, तिथे ती चालायची. विंडोजसाठी ६४-बिट ऑडॅसिटी २०२१ साली ३.०.३ पासून आली, आणि तिच्यात ३२-बिट प्लगइन चालत नाही. प्लगइनचा नवा प्रकार, ६४-बिट व्हीएसटी३, याच इन्स्टॉलरमध्ये आहे, पण 'कस्टम' दाबल्याशिवाय दिसत नाही आणि त्यावर टिक नसते. व्हीएसटी बनवणाऱ्या स्टाइनबर्ग कंपनीनं व्हीएसटी२चे नवे परवाने २०१८ मध्ये बंद केले. एवढ्या वर्षांनी आपोआप टिक त्या जुन्यावरच कशासाठी?

ती टिक केली. फाइल प्रोग्रॅम फाइल्स, कॉमन फाइल्स, व्हीएसटी३ या ठरलेल्या जागी गेली. रीस्कॅन केलं, मॅनेजरमध्ये चालू केलं, झालं.

तोवर दोन तारे द्यायचं पक्कं होतं. पण ऑडॅसिटी ३.२ पासून इफेक्ट रिअल-टाइम, म्हणजे ऐकता ऐकताच, लावता येतात. आता धडा ऐकता ऐकता प्लगइनचा खटका फिरवते आणि फरक तिथल्या तिथे कळतो. पूर्वी लावा, ऐका, अनडू करा, पुन्हा लावा यात संध्याकाळ जायची. वेळ खरोखर वाचतोय, म्हणून आवाजाला पाच तारे.

इन्स्टॉलरला मात्र एकच. त्याच आठवड्यात एसीएक्स चेक टाकला. ध्वनिपुस्तकाच्या आवाजाची पातळी एसीएक्स या ध्वनिपुस्तकांच्या संकेतस्थळाच्या नियमांत बसते का ते तपासणारा, न्यक्विस्ट भाषेत लिहिलेला फुकटचा प्लगइन, एक छोटी .ny फाइल. टूल्समधल्या न्यक्विस्ट इन्स्टॉलरनं निवडली, मॅनेजरमध्ये चालू केली, अॅनालाइझच्या मेनूत हजर. आरएमएस (सरासरी पातळी) उणे २३ ते उणे १८ डेसिबलमध्ये आहे का, पीक (सगळ्यात मोठा आवाज) उणे ३ च्या खाली आहे का, शांततेतला आवाज उणे ६० च्या खाली आहे का, सगळं एका खिडकीत. फुकट देणाऱ्याला जमतं ते पैसे घेणाऱ्याला जमू नये, याचा मला मनापासून राग आहे.

घ्यायचाच असेल तर आधी डेमो उतरवा, 'कस्टम' दाबा, ६४-बिट व्हीएसटी३वर टिक करा, आणि मेनूत नाव दिसल्यावरच पैसे भरा. कंपनीकडे मी परतावा मागितलेला नाही. ती टिक बदला एवढंच मागितलंय. उत्तर आलं की इथेच लिहीन.